हेल्मेटं काढा, ग्रुप घ्यायचाय

स्टेडीकाकांनी माझा पहिला फोटो काढायला घेतला तेव्हा मी चौथीत होतो, आणि तो काढून झाला तेव्हा मला मिसरूड फुटले होते. हे ज्यांना खोटे वाटेल ते स्टेडीकाकांसमोर बाकावर कधी उभे राहिलेले नाहीत, इतकेच मी म्हणेन. सकाळी आम्हाला शाळेच्या मैदानात उभे केले तेव्हा सूर्य आमच्या उजव्या कानाशी होता. काकांनी उंचीप्रमाणे रांगा लावल्या, मग मोडल्या, मग पुन्हा लावल्या. सूर्य डोक्यावर आला. एका पोराचा हलणारा दुधाचा दात उभ्याउभ्या पडला. काकांनी तो उचलून त्याच्या खिशात घातला आणि "आता तोंड मिटून हस," असे बजावले. मधल्या खुर्चीवरच्या आमच्या बाईंचे लग्न ठरले होते. त्यांच्या सासरचे लोक दोनदा शोधायला येऊन गेले म्हणतात.

काका स्वतः दिसतच नव्हते. तीन लाकडी पायांवर एक पेटी, पेटीवर काळे कापड आणि कापडाखाली एक आवाज, एवढेच आम्हाला ठाऊक.

"मधली रांग, डावीकडून दुसरा! ती मान तुझीच आहे ना? मग सरळ धर की! भाड्यानं आणल्यासारखी काय धरलीयेस?"

तो मी. माझी मान जन्मापासून किंचित डावीकडे कललेली आहे. घरच्यांनी तिचे कौतुकच केले होते. त्या दिवशी कळले की हे व्यंग आहे.

मग कापडाखालून शेवटचा हुकूम सुटला. "स्टेऽऽडी!" आम्ही थिजलो. शाळेचा शिपाई घंटेचा हातोडा हातात धरून थिजला. भिंतीवरचा कावळा थिजला. कावळ्याचे मी पैजेवर सांगतो, कारण तो फोटोत आहे आणि आमच्यातल्या निम्म्यांपेक्षा चांगला आला आहे.

काकांना खरे नाव असणारच, पण ते वापरायची वेळ कुणावर आली नाही. सगळ्या गावाचे ग्रुप त्यांनी काढले. शाळा, कचेऱ्या, बँका, व्यायामशाळा, विजेच्या खात्याचे लाइनमन, निवृत्त होणारे साहेब आणि साहेब जातोय म्हणून खुशीत उभा असलेला मागचा स्टाफ. एकट्याच्या फोटोबद्दल त्यांना तुच्छता होती. "एकट्याचा कुणीही काढील," ते म्हणत. "एकटा माणूस पळून पळून जाणार कुठं?" निसर्गदृश्यांबद्दल तर बोलायलाच नको. "सूर्य मावळला, बरं मग? तो रोज मावळतो. त्याला कुणी 'जरा डावीकडं सरका' म्हटलंय कधी?"

माणसे त्यांच्या डोक्यात नावाने नव्हे, जागेने बसलेली असत. रस्त्यात मला कधी नावाने हाक मारली नाही, नेहमी "काय हो, डावीकडून दुसरे!" एकदा माझ्या सासऱ्यांची ओळख करून द्यायला गेलो तर काकांनी त्यांना आपादमस्तक न्याहाळले आणि म्हणाले, "पाणीपुरवठा खातं. मागची रांग, खांबाआड. तुम्हाला मी सरकायला सांगितलं होतं." सासऱ्यांनी तीस वर्षांनी माफी मागितली.

त्यांचा एक नियम ब्रह्मवाक्य होता. फोटोत टोपी चालणार नाही. पोलिसांच्या ग्रुपमध्ये त्यांनी मोठ्या साहेबाला टोपी काढायला लावली होती. साहेब म्हणाला, गणवेशाचा भाग आहे. काका म्हणाले, "गणवेशाचा फोटो हवा असेल तर खुंटीला अडकवा, खुंटीचा काढतो. उद्या तुमचा नातू बोट ठेवून म्हणणार, 'हे आजोबा.' बोट कशावर ठेवायचं त्यानं, टोपीवर?" साहेबाने टोपी काढली. खाली टक्कल निघाले. तेही स्टेडी राहिले.

अशा या माणसाचा हात थरथरायला लागला.

आधी चहाच्या बशीत सांडायला लागला, मग सहीत दिसायला लागला. औषधाने थोडा आवरला, पण गेला नाही. तोवर पेटी आणि काळे कापड जाऊन हातातले कॅमेरे आले होते. काका कॅमेरा स्टँडवर लावत, पण बटणापाशी बोट गेले की स्टँडसकट सगळे हलायचे. बटण रिमोटने दाबायचा उपाय त्यांना दोघातिघांनी सुचवला. त्या दोघातिघांशी त्यांनी बोलणे सोडले.

शेवटचा ग्रुप आमचाच. मी एका छापखान्यात प्रूफे तपासतो. आमचा जुना विभाग मोडून माणसे वेगवेगळ्या गावच्या शाखांना वाटून टाकायचे ठरले, तेव्हा निरोपाचा फोटो काढायला काका आले. हुकूम नेहमीसारखेच सुटले. दोन दिवसांनी फोटो आला. त्यात प्रत्येकाला दोन नाके होती. काकांनी पुन्हा काढतो म्हटले, पण तोपर्यंत कोण कुठे, कोण कुठे, पांगले होते. त्यानंतर त्यांनी स्टुडिओचे शटर ओढले आणि लेकीकडे राहायला आले.

लेक म्हणजे आमच्या खालच्या मजल्यावरची ताई. ती दातांच्या डॉक्टरांसाठी कवळ्या बनवते. जेवणाच्या टेबलाच्या अर्ध्या भागावर जेवण आणि अर्ध्या भागावर प्लास्टरचे जबडे, अशी त्या घराची फाळणी आहे. जावई लिफ्ट दुरुस्त करतो. दिवसभर लोकांना वरखाली केल्यावर संध्याकाळी तो सोफ्यावर बसून टीव्हीला जोडलेल्या यंत्रावर लढाया खेळतो. स्वभावाने इतका गरीब की खेळात कुणाला मारायच्या आधी 'सॉरी' पुटपुटतो.

काका येऊन काही महिने झाले तशी ताई एकदा जिन्यात मला गाठून म्हणाली, "दादा, बाबांचं काहीतरी बिघडलंय."

"का? काय झालं?"

"आमटीत मीठ नव्हतं, तर मुकाट्यानं जेवले. काल यांनी भिंतीवर फ्रेम वाकडी लावली. बाबांनी पाहिली आणि काही बोलले नाहीत. ओरडत नाहीत हो हल्ली कुणावर. मला भीती वाटते."

ज्या घरात बाप ओरडत नाही म्हणून लेक रडते ते घर पाहायला मी त्याच संध्याकाळी गेलो. काका खुर्चीत भिंतीकडे तोंड करून बसले होते. वाकडी फ्रेम बरोबर समोर होती. मलासुद्धा तिच्याकडे बघवेना.

जावई खेळत होता. पडद्यावर कुठल्याशा जुन्या काळातले गाव होते, दगडी चौक, घंटेचा मनोरा, बाजार. त्याचा तलवारवाला वीर पळता पळता उडी मारायला गेला, आणि जावयाने चुकून भलतेच बटण दाबले.

सगळे थांबले. वीर हवेत, त्याच्या पायाखालची कोंबडी फडफडाटात, कोंबडीवाल्या बाईचा पदर वाऱ्यावर. पडद्याच्या कडेला बारीक अक्षरे उमटली. लेन्स, फोकस, अ‍ॅपर्चर.

खुर्ची करकरली. काका मागे वळले होते.

"हे कुणी थांबवलं?"

"सॉरी बाबा, चुकून फोटो मोड लागला," जावई घाईने म्हणाला. "काढतो लगेच."

"हात लावू नका! काय मोड म्हणालात?"

जावयाने समजावले. खेळणारे लोक पूर्वी नुसताच पडदा टिपून ठेवायचे. मग एका खेळाने आत कॅमेराच दिला. खेळ थांबवायचा आणि त्या थांबलेल्या जगात कॅमेरा फिरवून हवा तसा फोटो काढायचा. लोकांना ते इतके आवडले की आता बहुतेक मोठ्या खेळांत ही सोय असते. काहीजण तर लढतच नाहीत. शत्रू समोर आला की त्याचा फोटो काढतात.

"लेन्स कुठली आहे?" काकांनी विचारले.

"कुठली हवी ती लावता येते."

"हूं. सगळंच खोटं." एवढे म्हणून काका पुन्हा भिंतीकडे वळले. मग भिंतीकडे बघतच म्हणाले, "कोंबडी फोकसमध्ये नाही, जावईबापू. बाईच्या नाकावर घ्या."

जावयाने मला डोळा घातला आणि हातातला कंट्रोलर त्यांच्या मांडीवर ठेवला. काकांचे हात थरथरले तसा पडद्यावरचा चौकही थरथरला. त्यांचा चेहरा पडला. ते कंट्रोलर परत द्यायला निघाले.

"बाबा, हात काढा," जावई म्हणाला. "नुसते काढून घ्या."

त्यांनी हात काढले. चौक थांबला. कॅमेरा जिथे सोडला होता तिथेच हवेत राहिला. पडला नाही, हलला नाही. काका आपल्या रिकाम्या हातांकडे आणि पडद्याकडे आळीपाळीने बघत राहिले. ताई कवळी घासायची थांबली होती. मग काका खाकरले.

"आणि ती फ्रेम कुठल्या गाढवानं लावलीय?"

ताईने आत जाऊन नळ सोडला. नळाच्या आवाजात माणसाला नाक ओढता येते.

त्यानंतर जावयाच्या संध्याकाळच्या लढाया संपल्या. सासरा पडद्यावर आणि जावई शेजारी मदतनीस, अशी घराची नवी व्यवस्था लागली. पण काका पडले ग्रुपवाले. डोंगर, धुके, घोडा, मावळतीचे ढग, ज्यांच्यासाठी लोक जीव टाकतात ते त्यांनी बघितलेही नाही. त्यांना एकच हवे होते, त्या गावाचा ग्रुप. लोहार, कोंबडीवाली, भिकारी, पहारेकरी, सगळे एका फोटोत, चेहरे दिसत.

आता हे गावकरी म्हणजे यंत्राच्या तालावर चालणारी माणसे. लोहार भट्टीशी, कोंबडीवाली विहिरीशी, भिकारी भिंतीला टेकलेला. वेळ थांबवता येत होती, पण माणूस हलवता येत नव्हता. ज्याने पोलिसांच्या साहेबाची टोपी उतरवली त्याला त्या भिकाऱ्याला एक पाऊल पुढे आणता येईना.

"यांना काही वाजवून बोलावता येतं का?"

"तलवार काढली की पळून जातात, बाबा."

"उलटं हवंय मला. माणसं जमतात कशाला? विचार करा. चाळीस वर्षं मी माणसं जमवली. एक तर चहाला जमतात." काकांचे डोळे चमकले. "नाही तर कुणी पडलं की!"

दुसऱ्या मिनिटाला जावयाचा वीर घंटेच्या मनोऱ्यावर चढला होता. "मारा उडी," काका म्हणाले. जावयाने 'सॉरी' पुटपुटून उडी मारली. वीर धाडकन चौकात पडला आणि सगळा गाव कामधंदा टाकून त्याच्याभोवती गोळा झाला. मरण आणि खेळ पुन्हा सुरू होणे यांच्या मधल्या दोन श्वासांत बटण दाबायचे होते. पहिल्यांदा हुकले. "पुन्हा मरा," काका म्हणाले. दुसऱ्यांदा लोहार यायचा होता. "पुन्हा मरा." त्या आठवड्यात माझा तो गरीब मित्र सासऱ्यासाठी इतक्या वेळा मेला की मी पोचलो की आधी "आज कितवं?" असे विचारायचो.

शेवटी सगळे आले, पण सगळे खाली बघत. प्रेताकडेच बघणार, दुसरीकडे कशाला बघतील? काका हैराण झाले. "अहो, इकडं बघा की! मेलेल्यात काय बघायचंय?"

तेव्हा ताई कवळीवरून मान न उचलता म्हणाली, "मग बाबा, तुम्हीच जाऊन तिथं झोपा ना."

काकांनी तिच्याकडे पाहिले. मग कॅमेरा हळूहळू खाली आणला, माणसांच्या पायांतून, अगदी जमिनीला टेकवून, पडलेल्या वीराच्या डोक्यापाशी, आणि वर वळवला.

मी फार कलाबिला जाणत नाही. पण तो फोटो मी पुन्हा पुन्हा बघितला. सगळीकडून चेहऱ्यांचे कडे, मध्ये आकाशाचा तुकडा, आणि लोहारापासून भिकाऱ्यापर्यंत सगळे तुमच्याकडे वाकून बघताहेत, काळजीने. जावयाने तो इंटरनेटवर अशा फोटोंच्या पानावर टाकला. हजारो लोकांनी तो पाहिला. कुणीतरी विचारले, ही कल्पना कशी सुचली? काकांनी जावयाकडून उत्तर लिहून घेतले: "लेक वात्रट आहे."

त्या फोटोमुळेच त्यांना फोन आला. बाई बोलत होत्या. कुठल्याशा लांबच्या शहरात नर्स होत्या, आणि एका दुसऱ्या, जुन्या खेळात तीसेक जणांच्या तुकडीच्या म्होरक्या. त्या खेळात आपापल्या घरी बसून सगळ्यांना एकाच वेळी एकत्र खेळता येते. कितीतरी वर्षे ही माणसे रोज भेटत होती आणि एकमेकांना प्रत्यक्ष कुणी कधी पाहिले नव्हते. आता कंपनी तो खेळ कायमचा बंद करणार होती. येत्या रविवारी दुपारी.

"बंद झाला की सगळं पुसलं जाणार, काका," म्होरकीबाई म्हणाल्या. "आमचा किल्ला, घोडे, सगळंच. निदान ग्रुप फोटो तरी असावा. तुम्ही घ्याल?"

"तिथं वेळ थांबते?"

"नाही ना. एवढी सगळी माणसं एकदम आत असतात, त्यांची वेळ कशी थांबवणार? फोटोची सोय अलीकडं आली, कॅमेरा स्टँडवर ठेवता येतो. पण थांबत काही नाही."

"मग जमायचं नाही," म्हणून काकांनी फोन ठेवला.

त्या दिवशी घरात पुन्हा ती जुनी शांतता शिरली. ताईने ती शिरताना पाहिली आणि हातातला जबडा टेबलावर आपटला.

"का नाही जमायचं? हात लागतोय कुठं? स्टँडवर ठेवायचा, बटण दाबायचं."

"आणि माणसं हलली तर?"

"तर ओरडायचं त्यांच्यावर! जन्मभर दुसरं काय केलंत?"

"तुला कळत नाही," काका हळू आवाजात म्हणाले. त्यांनी माझ्याकडे बोट केले. "हे डावीकडून दुसरे बसलेत, त्यांना विचार. फोटो हलला, तोवर माणसं पांगली. पुन्हा कुठून आणू? तसं आणखी तीस जणांचं करू?"

 मी खरे तेच बोललो. "काका, आमचा तो फोटो माझ्या टेबलाच्या काचेखाली आहे. दोन नाकं आहेत, पण सगळे ओळखू येतात. तुम्ही काढलाच नसता तर काय ठेवलं असतं मी?"

 काका जावयाला म्हणाले, "लावा त्या बाईंना फोन. सांगा, वेळेवर या. उशिरा येणारा मागच्या रांगेत."

रविवारी मी जेवून खाली गेलो. काकांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि कानांवर माइकवाला हेडफोन उलटा चढवला होता; तिकडचे आवाज टीव्हीतूनही येत होते. पडद्यावर किल्ल्याच्या पायऱ्या होत्या आणि त्यांवर अशी जत्रा की बघवत नव्हती. शिंगवाले, पंखवाले, बुटके, राक्षस, सगळे पायापासून शेंड्यापर्यंत चिलखतात. आणि जवळजवळ प्रत्येकजण उड्या मारत होता. या लोकांत नुसते उभे राहणे हा आजार समजतात.

"तो शिंगवाला कोण आहे रे, टणाटणा उडतोय?"

"मी बँकेत मॅनेजर आहे, काका," पडद्यातून एक भारदस्त आवाज आला.

"मग मॅनेजरसारखे उभे राहा! कर्ज मागायला आलेल्यासारखं काय नाचताय? राक्षस, मागं. तुम्ही नाही, तुमच्या शेजारचे."

"मी निवृत्त शिक्षिका आहे हो," राक्षस किनऱ्या आवाजात म्हणाला.

"तरीही मागं, बाई. तुम्ही खांबापेक्षा रुंद आहात."

एकाच्या घरचे इंटरनेट मंद होते. तो पहिल्या रांगेत दिसायचा, नाहीसा व्हायचा, आणि भिंतीत अर्धा रुतलेला उगवायचा. कुणाचे मूल रडत होते, कुणाच्या दाराची बेल वाजत होती. काका उभे राहिले होते. गळ्याच्या शिरा फुगल्या होत्या. "स्टेऽऽडी!" आणि सांगतो, तीस घरांत तीस माणसांनी हात आवरले. पायऱ्यांवरची ती जत्रा थिजली. आमच्या वरच्या मजल्यावर माझी बायको हातातले भांडे घासायची थांबली, हे मला नंतर कळले.

"छान. आता हेल्मेटं काढा."

"काय?" तीस आवाज.

"हेल्मेटं. फोटोत टोपी चालत नाही. चेहरा दिसला पाहिजे."

काहीजण "पण काका..." म्हणाले. काकांपुढे पोलिसांचा साहेब टिकला नव्हता. एकेकाने हेल्मेट काढले.

आणि खाली सगळ्यांना एकच चेहरा होता.

म्हणजे सगळ्यांनाच नव्हे, निदान निम्म्यांना. तोच चौकोनी जबडा, तेच घारे डोळे, तीच भुवयांमधली आठी. शिंगवाल्याला, बुटक्याला, राक्षसबाईंनासुद्धा. खेळ सुरू करताना यंत्र एक आयता चेहरा देते. नाक-डोळे बदलायची सोय असते, पण वरून हेल्मेटच घालायचे म्हटल्यावर तो खटाटोप करतो कोण? बाजारातून फ्रेम आणली की तिच्यात आधीच एक हसरे कुटुंब असते, त्यातला बाप जणू सगळ्यांच्या मानेवर बसवला होता. आणि हे इतक्या वर्षांत त्यांचे त्यांनाही माहीत नव्हते.

"अय्या, तूसुद्धा?" म्होरकीबाई किंचाळल्या. मग जे हसणे सुटले त्यात रांगा मोडल्या.

काका मात्र हसले नाहीत. ते मट्कन खाली बसले. "यात कोण कुठला, कसं सांगायचं?" ते जावयाला म्हणाले. "बोट कुणावर ठेवायचं?"

"काका," हसू आवरत म्होरकीबाई म्हणाल्या, "आम्ही चेहऱ्यानं ओळखतच नाही कधी. हेल्मेटावरून ओळखतो, आणि हलण्यावरून. मॅनेजर उड्या मारतात. आमच्या शिक्षिकाबाई लढाई चालू असतानाही खाली बसतात. तो नेहमी भिंतीत रुततो. स्टेडी केलंत ना, तेव्हा मलाच कुणी ओळखू येईना."

दुपार सरत होती. पडद्याच्या कोपऱ्यात कंपनीची सूचना लुकलुकत होती, 'खेळ लवकरच बंद होत आहे.'  काकांनी एकदा आपल्या हाताकडे पाहिले.

"घाला टोप्या," ते म्हणाले.

ताईच्या हातून कवळी पडली.

"घाला! आणि ज्याचं जे काय असेल ते करा. उडणाऱ्यानं उडा, बसणाऱ्यानं बसा. रुतणाऱ्या, तू रुत बाबा. फक्त आपापली पायरी सोडायची नाही. कळलं? मी म्हटलं की..." जिभेवर 'स्टेडी' आलाच होता. चाळीस वर्षांची सवय होती. मग त्यांनी तो गिळला.

"हला!"

पायऱ्या उकळल्या. काकांचे बोट बटणावर होते आणि बोट थरथरत होते. बटण एकदा नाही, टकटक, टकटक, कितीदा दाबले गेले याचा हिशेब नाही. एकामागून एक फोटोंचा नुसता पाऊस पडला. जावई एकेक उलगडून दाखवू लागला. हा नको, यात कुणाचा तरी पंख आडवा. हा नको, यात बुटका नाही. आणि मग एक आला. मॅनेजर अगदी उंच, शिंगे आभाळाला टेकलेली. शिक्षिकाबाई पायरीवर आरामात बसलेल्या. एकजण सलाम करतोय, दोघे उगाचच एकमेकांना ढकलताहेत, कडेला भिंतीतून अर्धा माणूस. एकही रेष हललेली नाही.

"हा," काका म्हणाले.

फोटो मिळाला तरी कुणी जाईना. म्होरकीबाई, मॅनेजर, सगळेच काकांना फोटोतल्या जागा विचारत होते, आणि काका पाठ म्हणून दाखवत होते. "तुम्ही वरून दुसरी पायरी, उजवीकडून चौथे. तुमच्या शेजारी..." आणि मध्येच पडदा काळा झाला. 'संपर्क तुटला आहे,' एवढीच अक्षरे. हेडफोनमध्येही काही नव्हते.  काकांनी स्वतः उठून टीव्ही बंद केला आणि ताईला म्हणाले, "आमटीत मीठ कमी होतं आज. सांगायचं राहिलं."

आता रविवार काकांचा कामाचा दिवस असतो. कुठल्या ना कुठल्या खेळातली कुठली ना कुठली तुकडी रांगेत असते. जावयाने त्यांच्यासाठी दुसरा टीव्ही आणला, आणि स्वतः जुन्यावर 'सॉरी' म्हणत पुन्हा लढायला लागला आहे. काकांचा आवाज आमच्या मजल्यावर स्पष्ट ऐकू येतो. कुणी तक्रार करत नाही. केली तर ताई वर येऊन भांडते.

त्या पहिल्या तुकडीने पुढे प्रत्यक्ष भेटायचे ठरवले. जागा ठरली, तारीख ठरली, काकांनाही आग्रहाचे बोलावणे आले, पण रविवार पडला म्हणून ते गेले नाहीत. तीस जणांतले पाच आले. फोटो हॉटेलच्या वेटरने काढला.